पहिल्या ओळीची वही

“आधी हात दाखव,” दोशीकाका म्हणाले. “पेन मग बघू.”

केतकीनं उजवा हात काचेच्या काउंटरवर पालथा ठेवला. काकांनी तो उताणा केला, बोटं एकेक करून उलगडली आणि मधल्या बोटावरच्या घट्ट्यावर अंगठा टेकवला.

“बॉलपेन रेटून चालवतेस.”

“हो.”

“शाईच्या पेनाला रेटायचं नसतं बाळ. नुसतं टेकवायचं. ते आपणहून चालतं. काय वहिनी?”

मी मान हलवली. मला पेनांतलं काही कळत नव्हतं, आणि तिच्या त्या हाताकडे मला बघवतही नव्हतं. तो हात चोरी करतो, हे मला आदल्याच दिवशी कळलं होतं.

फलटणला तिच्या शाळेत एक पद्धत होती. पाचवीची पहिली घटक चाचणी झाली की मुलांचं बॉलपेन बंद आणि शाईचं पेन सुरू. त्यामुळे शुक्रवारी घाडगेबाईंनी मला शाळेत बोलावलं, तेव्हा मला वाटलं, पेनाबद्दलच असेल. बाईंनी दोन प्रगतिपुस्तकं उघडून माझ्यापुढे ठेवली. एक चौथीचं, एक पाचवीचं.

“पालकांची सही बघा. दोन्हीकडची.”

चौथीतल्या सह्या छापल्यासारख्या होत्या. ह. बा. रणवरे, आणि खाली पट्टीनं ओढावी तशी सरळ रेघ. पाचवीतली सही तीच, पण गोल गोल, जपून काढलेली. रेघ शेवटाला किंचित वर गेलेली.

“पोरीनं केलीय,” बाई म्हणाल्या. “बरं, मार्क कमी असते तर समजू शकले असते. वर्गात तिसरी आहे ती. मग सही चोरायचं कारण काय? तुम्हीच बघा. सोमवारी मिस्टरांना घेऊन या. माझ्यासमोर सही करू देत, म्हणजे विषय संपला. नाहीतर मला वर कळवावं लागेल. आणि एकदा तिथं गेलं की शेरा येतो, तो जात नाही.”

घरी आल्याबरोबर मी केतकीला समोर उभं केलं.

“सही कुणी केली?”

“पप्पांनी.”

“माझ्याकडे बघून सांग.”

“पप्पांनीच.”

माझ्या मुलीचं खोटं मला तिच्या कानांवरून कळायचं. खोटं बोलली की तिच्या कानांच्या पाळ्या लाल व्हायच्या. त्या दिवशी त्या डाळिंबासारख्या झाल्या होत्या.

मी तशी होतेच. तिला शिंक आली की मी कॅलेंडरच्या मागं तारीख लिहून ठेवत असे. डब्यातली भाजी किती उरली, नखं कुठल्या बोटाची कुरतडली, झोपेत दात किती वेळा खाल्ले, सगळं मला ठाऊक असायचं. बी.एस्सी.ला मला प्रयोगवही नीट ठेवायची सवय लागली होती. लग्नानंतर प्रयोग एकच उरला. माझ्या सासूबाई होत्या तोवर म्हणायच्या, “शैला, अगं पोर वाढवतीयेस का पहारा देतीयेस?” मला ते आवडायचं. पहारा चोख आहे, असा त्याचा अर्थ मी घ्यायची.

ह्यांना विचारलं, तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, “मीच केलीय सही. सोड ना.”

“तुमची सही अशी असते?”

“घाईत केली असेल.”

पोरीला पाठीशी घालतायत, हे मला लगेच कळलं. ते नेहमीचंच होतं.

खरं तर पेन घ्यायला यायचे होते तेच. हे पाटबंधारे खात्यात ट्रेसर. नीरा उजव्या कालव्याचे नकाशे ह्यांच्या हातचे. कालव्याची निळी रेघ, फाटे, आणि त्यावर गावांची नावं: गिरवी, कोळकी, साखरवाडी. अक्षर असं की साहेब लोक नकाशा वाचायच्या आधी नुसता बघत बसायचे. गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकांवरची नावं ह्यांच्याकडेच यायची. केतकी पहिलीत होती तेव्हापासून ठरलेलं होतं: पाचवीत गेलीस की तुझं पहिलं पेन मी निवडणार, दोशींच्या दुकानात, अर्धा दिवस रजा टाकून. आणि आता तो दिवस आला तर म्हणाले, “तुम्ही दोघी जा. मला नकाशे द्यायचेत.”

“शनिवारी?”

“शनिवारीच.”

त्या वर्षी त्यांचं सगळंच असं चाललं होतं. वरच्या आळीतल्या जगतापांनी पोरीच्या लग्नाच्या पत्रिका आणल्या, त्या वेळ नाही म्हणून परत पाठवल्या. दाढी घरी करायचे ते न्हाव्याकडे करायला लागले. चालताना डावा-उजवा कुठलातरी हात सतत खिशात. मी मनात म्हणायची, चाळिशी आली, आता साहेबी सुचतीये.

तर त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघीच दोशीकाकांकडे गेलो. बाजारपेठेतलं ते अरुंद दुकान. पुढं वह्या, कंपासपेट्या, भूर्जपत्र म्हणून खपणारे तपकिरी कागद. आणि आत, काकांच्या पाठीशी, पेनांचं काचेचं कपाट. काका सत्तरीचे असतील. पांढरा शर्ट, खिशाला शाईचा एक जुना डाग, तोही धुऊन धुऊन फिका झालेला. पेन विकायची त्यांची एक रीत होती. आधी हात बघायचे, मग चार-पाच पेनं शाई भरून पुढं ठेवायचे. जे पसंत पडेल, त्यानं लाल कापडी बांधणीच्या एका लांबट वहीत पहिली ओळ लिहायची. खाली काका तारीख घालायचे. ज्याचं पेन, त्याचीच ओळ. बापानं लेकासाठी लिहिलेली चालायची नाही. गावातल्या निम्म्या शिकलेल्या माणसांची पहिली ओळ त्या वहीत आहे म्हणायचे.

काकांनी केतकीपुढे पाच पेनं मांडली. मी किमती बघितल्या. निळं बारीक पेन पस्तीस रुपयांचं होतं. टोपणाला सोनेरी क्लिप, मुलींच्या हाताला शोभेल असं.

“हे छान आहे,” मी म्हटलं.

“पहिल्या पेनाला हे बरं,” काकाही म्हणाले. “हलकं आहे, निब बारीक आहे. पडलं-झडलं तरी जीव हळहळत नाही. महागाचं पेन आधी घ्यायचं नसतं वहिनी. लोक तिथंच चुकतात. आधी हात बसू द्यायचा, मग हौस.”

केतकीनं निळ्या पेनाकडे बघितलंसुद्धा नाही. ती टाचा उंचावून काकांच्या मागच्या कपाटाकडे बघत होती.

“ते काळं.”

“कुठलं?”

“ते जाड.”

काका हसले. “ते आजोबांचं पेन आहे बाळ. तुझ्या मुठीत मावायचं नाही.”

“दाखवा ना.”

त्यांनी काढून दिलं. काळं, बोटभर जाडीचं, काहीही नक्षी नसलेलं. केतकीनं ते पेन्सिलीसारखं धरलं नाही. आधी मुठीत धरलं, मग चार बोटांत, मग तीन. वजन बघितलं. टोपण उघडायला गेली तर ते फिरवायचं निघालं.

“ओढून निघणारं टोपण असतं का?”

“असतं. का गं?”

“फिरवायला वेळ लागतो.”

“कसली एवढी घाई आहे तुला?” मी म्हटलं.

तिनं काकांनाच विचारलं, “काका, ह्याला अजिबात न दाबता उमटतं? नुसतं ठेवलं तरी?”

“जाड निबेला शाई जास्त सुटते. नुसतं ठेवलं तरी उमटतं.”

“आणि रेघ थोडी हलली तर?”

काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

“जाड रेघेत हललेलं कमी दिसतं,” ते सावकाश म्हणाले.

“मग हेच.”

“केतकी,” मी म्हटलं, “पेनानं तुला लिहायचंय का पहिलवानाला? निळं घे गपचूप.”

“मला हेच पाहिजे.”

“का पण?”

“धरायला सोपं आहे.”

“सत्तर रुपये जास्तीचे. आणि मुठीत मावत नाही म्हणतायत काका.”

“लिहून बघू दे तिला वहिनी,” काका मध्येच म्हणाले. त्यांचा आवाज का कोण जाणे, खाली आला होता. “बघू दे. बघायला काय जातंय.”

त्यांनी ड्रॉपरनं शाई भरली, निब फडक्यानं टिपली, आणि लाल वही उघडून तिच्यापुढे सरकवली. “लिही. लोक श्री लिहितात, नाव लिहितात. तुला काय वाटेल ते.”

केतकीनं पेन अगदी सैल धरलं. इतकं सैल, की पडेल असं वाटावं. जीभ ओठांच्या कोपऱ्यात. ती पेन कसं चालतंय ते बघण्यात एवढी गुंगली होती, की मी शेजारी आहे हेच विसरली असावी. कागदावर एकेक अक्षर उतरलं.

ह. बा. रणवरे.

आणि खाली रेघ, शेवटाला किंचित वर.

मी तिचं मनगट धरलं. पेन सुटलं, काउंटरवर घरंगळलं, काकांच्या वहीवर शाईचा एक थेंब पडला.

“ह्याच्यासाठी पाहिजे होय तुला पेन?” माझा आवाज मला ऐकू येत होता, पण थांबवता येत नव्हता. “बापाच्या सह्या करायला? नीट उमटाव्यात म्हणून जाड पाहिजे? घरात खोटं, शाळेत खोटं, आणि इथं उभं राहून माझ्या डोळ्यांदेखत?”

दुकानात वह्या घेणारी एक बाई वळून बघायला लागली. तिच्याबरोबरची मुलगी केतकीच्याच शाळेची असावी; तिच्या अंगावर तोच गणवेश होता. केतकी रडली नाही. मनगट माझ्या हातात तसंच ठेवून काकांकडे बघत राहिली. आता वाटतं, ती त्यांना गप्प राहा म्हणत होती.

“वहिनी,” काका म्हणाले, “जरा थांबा.”

त्यांनी वहीची तीन पानं मागं उलटली आणि वही माझ्याकडे फिरवली. पानावर ह. बा. रणवरे असंच लिहिलेलं होतं. एकदा नाही, पाच-सहा वेळा, वेगवेगळ्या शाईंत. पहिलं नाव मोठं, पुढचं लहान, त्याच्या पुढचं आणखी लहान. शेवटचं तर मुंगीएवढं. अक्षरं वाकडी, चावल्यासारखी, ठिकठिकाणी तुटलेली. खाली काकांच्या हातची तारीख. बरोबर तीन आठवड्यांपूर्वीची.

मी केतकीकडे वळले.

“म्हणजे तू आधीही इथं आली होतीस. एकटी. शाळा सुटल्यावर.”

“नाही.”

“मग हे काय आहे? सराव?”

“वहिनी, हे पोरीचं नाही,” काका म्हणाले. “हे—”

“काका, तुम्ही मध्ये पडू नका. तुम्ही पोरांच्या हातात वही देता, ती काय लिहितात ते बघत नाही. निळं द्या आणि किती झाले सांगा.”

काकांनी निळं पेन कागदात गुंडाळलं. पैसे घेतले. वही पुन्हा माझ्यापुढे केली नाही. नुसतं म्हणाले, “ह्या पेनाची पहिली ओळ राहिली.”

“राहू दे.”

घरी हे ओट्यावर बसले होते. नकाशे द्यायचे म्हणून गेलेला माणूस तीन वाजता घरी कसा, हे मी तेव्हा विचारलं नाही. त्यांनी केतकीचा चेहरा बघितला, मग माझा.

“कुठलं घेतलं?”

मी कागद सोडून निळं पेन पुढं केलं. त्यांनी ते हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं. “छान आहे. आत ठेव.”

“तुमच्या लेकीनं दुकानात तुमची सही करून दाखवली. भर दुकानात. सोमवारी शाळेत यायचं आणि बाईंसमोर सही करायची, म्हणजे खरं-खोटं होऊन जाऊ दे. नाही आलात, तर मी समजेन की तुम्हीच तिला शिकवलंत.”

ते उठले. एवढंच म्हणाले, “येतो.”

“पप्पा, नको,” केतकी म्हणाली.

“येतो म्हटलं ना, बाळा.”

रविवारी दुपारी दोघं मागच्या दारी फरशीवर बसली होती. मध्ये जुनं वर्तमानपत्र पसरलेलं. मी चहा घेऊन गेले, तर केतकीनं वर्तमानपत्र पटकन घडी घालून मांडीखाली घेतलं. ह्यांनी चहा घेतला तो स्टीलच्या पेल्यातून. कपबशी त्यांनी केव्हाच सोडली होती. पेला अर्धाच भरलेला असायचा. “अर्धाच दे,” असं ते गेले काही महिने म्हणत. पित्तामुळे असेल, असं मी धरून चालले होते. दोघांच्या गुपचूप बसण्याचा मला राग आला. आणि थोडा मत्सरही, हे आज कबूल करते.

सोमवारी मधल्या सुट्टीत आम्ही तिघं घाडगेबाईंसमोर बसलो. म्हणजे आम्ही दोघं बसलो. केतकी ह्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. खोलीत आणखी दोन शिक्षक डबे खात होते. बाईंनी अगदी आदरानं, “रणवरेसाहेब, औपचारिकता आहे हो,” असं म्हणत पाचवीचं प्रगतिपुस्तक पुढं ठेवलं. जुन्या सहीखालची रिकामी जागा बोटानं दाखवली.

ह्यांनी खिसा चाचपला. त्यांच्याकडे पेन नव्हतं. ज्या माणसाच्या शर्टाला लग्नात मी तीन पेनं बघितली होती, त्याच्या खिशात पेन नव्हतं. मला त्याचंही काही वाटलं नाही. मी केतकीच्या दप्तरातून निळं पेन काढलं, टोपण काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

“घ्या. करा.”

त्यांनी ते धरलं. बारीक पेन त्या बोटांत फिरायला लागलं. आधी मला वाटलं, ते मुद्दाम करतायत. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं, निब कागदावर टेकवली आणि ती कागदावर टिकटिक वाजायला लागली. शिवणाचं मशीन दूर कुठं चालावं तसा आवाज. डबे खाणारे शिक्षक थांबले. ‘ह’ उमटला. मोठा, वाकडा, तुटलेला. ‘बा’ त्याहून लहान. ‘रण’पर्यंत येईतो अक्षर मुंगीएवढं झालं होतं.

ते अक्षर मी शनिवारीच बघितलं होतं. लाल वहीत. तारीख घातलेलं.

ह्यांच्या कानशिलावरून घामाचा एक ओघळ कॉलरमध्ये उतरला. ते थांबले. पेन उचललं, पुन्हा टेकवलं. तेव्हा मागून केतकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी हळू, पण सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं म्हणाली,

“पप्पा, मी करू?”

घाडगेबाईंनी प्रगतिपुस्तक ओढून घेतलं आणि मिटलं. “झालं, झालं साहेब. एवढी पुरे.” त्यांना माझ्याकडे बघता येत नव्हतं. “जा बाळ, तू वर्गात जा.”

शाळेतून बाहेर पडून आम्ही दोघं स्टँडच्या दिशेनं चालायला लागलो. हात त्यांनी खिशात घातला नव्हता. तो त्यांच्या मांडीशेजारी आपल्या लयीत हलत होता.

“किती दिवस?” मी विचारलं.

“संक्रांतीपासून. आधी अंगठाच. साताऱ्याला दाखवलंय. कंपवात म्हणाले. ह्या वयात क्वचित होतो म्हणे.”

“आणि केतकीला माहीत होतं?”

“अभ्यासाला शेजारी बसायची. तिला दिसलं. ऑफिसात जाधव माझे नकाशे पुरे करतो, घरी...” ते थांबले. “सही मीच तिला करायला सांगितली. तिचा काही दोष नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

एसटी स्टँडच्या कोपऱ्यावर आल्यावर म्हणाले, “तू झोपली नसतीस गं. मीच केतकीला म्हटलं, ‘आईला नको सांगायला. आधीच ती तुझ्या शिंका लिहून ठेवते.’”

संध्याकाळी मी एकटीच दोशीकाकांकडे गेले. मी काही बोलायच्या आधी त्यांनी काउंटरखालून काळं जाड पेन काढलं. त्याला कागदाची पट्टी गुंडाळलेली होती, वर ‘रणवरे’. फिरवायचं टोपण काढून काकांनी त्याला कुठल्याशा दुसऱ्या पेनाचं ओढून निघणारं टोपण बसवलं होतं.

“साहेब आले होते,” ते म्हणाले. “पोरीसाठी आधी एकदा बघून ठेवतो म्हणाले. एकेक पेन घेतलं, सही करून बघितली, ठेवलं, दुसरं घेतलं. सहा पेनं झाली. मग मला म्हणतात, दोशी, तुमच्या निबा बिघडल्यात हो.”

“मग?”

“मी म्हटलं, हो साहेब. लॉटच खराब आलाय.” काकांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “घरी बोलू नका म्हणाले होते. शनिवारी मी बोलणार होतो वहिनी. खरंच बोलणार होतो.”

“मी बोलू दिलं नाही.”

त्यांनी ते नाकारलं नाही. मी वही मागितली. तीन पानं मागं. त्या चावलेल्या अक्षरांत आता मला सगळं ओळखू आलं: ‘व’चं पोट, ‘रे’ची मात्रा जरा मागं झुकलेली. बारा वर्षं मी ते अक्षर किराणाच्या यादीवर, पत्रांवर, केतकीच्या बारशाच्या फलकावर बघत आले होते. पानाच्या खाली शनिवारचा शाईचा थेंब झिरपून आला होता.

“पहिली ओळ कुणाची घालू?” काकांनी विचारलं. “पेन कुणाचं?”

ती ओळ केतकीची होती की ह्यांची, हे मी ठरवणार कोण? काकांनी शनिवारच्या सहीखालीच तारीख घातली आणि वही मिटली.

ह्यांनी पुढच्या वर्षी नोकरी सोडली. नकाशे तोवर संगणकावर जायला लागले होतेच, तेवढं एक कारण लोकांना सांगायला बरं पडलं. त्यांना निरोप देताना साहेबांनी कालव्याचा त्यांच्या हातचा जुना नकाशा चौकटीत घालून दिला. हे त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पुण्याचे डॉक्टर झाले, गोळ्या वाढल्या, बोलणं पुसट होत गेलं. बँकेत, पेन्शनच्या कागदावर, जिथं सही लागायची तिथं ते काळं पेन निघायचं. केतकी त्यांच्या हातावर हात ठेवायची आणि दोघं मिळून सही करायचे. मी शेजारी कागद धरायची. तेवढंच काम माझं.

शाळेतल्या त्या दुपारनंतर केतकीनं मला उलटून कधी काही म्हटलं नाही. मी कितीतरी वेळा विषय काढला. “जाऊ दे ना आई,” एवढंच. निळं पेन तिनं एक दिवसही वापरलं नाही; बाईंना सांगून बॉलपेननंच लिहीत राहिली, आणि बाईंनीही काही म्हटलं नाही. ताप आला की ती आधी ह्यांना सांगायची. बारावीचा निकाल, पुण्याची नोकरी, नंतर त्या मुलाबद्दल, सगळं आधी त्यांना. ते बोलू शकत नव्हते तेव्हासुद्धा त्यांना. मला मागून कळायचं. तिच्या कानांच्या पाळ्यांकडे बघणं मी सोडून दिलं होतं. त्या लाल कशानं होतात, हे मला कधीच कळलं नव्हतं.

त्या सगळ्याला आता एकोणीस वर्षं झाली. हे जाऊन चार. तेरावा झाल्यावर पाहुणे पांगले, आणि केतकी कपाट आवरायला बसली. खणातून काळं पेन निघालं. शाई वाळून निब काळवंडली होती. तिनं ते कोमट पाण्यात धुतलं, शाई भरली, फडक्यानं टिपलं. दोशीकाकांसारखंच.

“बघू,” मी म्हटलं.

तिनं दिलं. मी एका पाकिटाच्या पाठीवर माझं नाव लिहायला गेले. निब खरखरली. तिरकी धरली, सरळ धरली, दाबून बघितलं. कागद ओरखडला, शाई उमटेना.

“दाबू नकोस आई,” ती म्हणाली. “असं नाही चालत ते.”

तिनं पेन घेतलं. सैल धरलं, इतकं सैल की पडेल असं वाटावं. निब टेकवली आणि ती पाण्यासारखी चालायला लागली. ती काय लिहितीये, हे तिचं तिलाही कळलं नसावं. डोळे भलतीकडेच होते, खिडकीबाहेर.

ह. बा. रणवरे. खाली रेघ, शेवटाला किंचित वर.

लिहून झाल्यावर तिनं खाली बघितलं आणि थबकली. मग माझ्याकडे बघितलं. दहा वर्षांची असताना दुकानात दोशीकाकांकडे बघितलं होतं तसं.

मी हात पुढं केला नाही. टेबलावर टोपण पडलं होतं, ते तेवढं तिच्याकडे सरकवलं.